प्रायश्चित्त म्हणून पथ्य नको

प्रश्न: माझं वय ५४. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तिसरी स्टेज सांगितली. दर दोन आठवड्यांनी एक अशा १२ केमो ठरल्यात, त्यातल्या ४ झाल्या. निदान झाल्यापासून मी साखर, दूध आणि धान्य सोडलं आहे. दिवसातून तीनदा कच्च्या भाज्यांचा रस घेते, आठवड्यातून दोन दिवस पाणीही न पिता उपवास करते, पहाटे गार पाण्याने अंघोळ करून तासभर प्रार्थना करते. वजन ५८ किलोवरून ५३ वर आलं. मुलगा म्हणतो, हा सगळा वेडेपणा आहे. मला माझी श्रद्धा सोडायची नाही. श्रद्धेने हा आजार बरा होतो का? आणि मी केलेले बदल योग्य आहेत का? कधी कधी वाटतं, माझ्याच हातून काही चुकलं असेल, म्हणून हे माझ्या वाट्याला आलं.

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण वरची सगळी यादी त्याच्याच पोटातून निघालेली दिसते. साखर सोडली, धान्य सोडलं, पाणीसुद्धा सोडलं. यात आजाराचा विचार कमी आणि शिक्षेचा जास्त आहे. इतकी वर्षं कॅन्सरच्या पेशंटसोबत काढल्यावर मला एक खूण कळायला लागलीय. नव्या पथ्याबद्दल सांगताना कुणी म्हणतं, "याने मला बरं वाटतं", आणि कुणी म्हणतं, "अजून एकदाही मोडलं नाही." दुसरं वाक्य ऐकलं की मी आधी पेशंटला वजनकाट्यावर उभं करतो आणि मग हळूच विचारतो, कशाची भरपाई चाललीय?

आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी दर चार-पाच दिवसांनी बदलतात. प्रत्येक नवी पेशी तयार होताना जनुकांची अब्जावधी अक्षरं उतरवून काढावी लागतात, आणि उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतं. काही राहतात. एकाच पेशीच्या वंशात अशा मोजक्या चुका जमल्या की आधी छोटा कोंब येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे तुमची गाठ सुरू झाली तेव्हा तुम्ही चाळिशीत होतात. वय, घराण्यातला वारसा, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठं काम, प्रक्रिया केलेलं मांस या गोष्टींनी धोका वाढतो हे खरं. पण हा हिशेब हजारो माणसांच्या समूहाचा आहे. तुमच्या गाठीकडे बोट दाखवून "ही तुमच्या अमुक सवयीमुळे झाली" असं सांगणारी तपासणी कुणाकडे नाही. आणि तुमच्या वागण्यातल्या, नात्यांमधल्या, मनातल्या चुका तर या हिशेबात कुठेच येत नाहीत. मी आयुष्यभर कुणाचं वाईट न चिंतलेल्या माणसांना केमो दिली आहे आणि ज्यांच्यापासून चार हात लांब राहावं अशांनाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. श्रद्धेने कॅन्सरची गाठ जाते का? नाही. हे मी गोलगोल बोलून सांगणार नाही, कारण या एका गोष्टीवर माणसं जीव गमावतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात दूरवर न पसरलेला कॅन्सर असूनही ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या तशाच पेशंटशी केली होती. एकूण मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये साडेचार पट. म्हणूनच तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे "४ केमो झाल्या" हे शब्द. बाकी सगळ्यावर आपण बोलू शकतो. उरलेल्या केमो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चुकवायच्या नाहीत, एवढं मात्र आधी ठरवून टाका.

प्रार्थनेचा परिणाम मोजायचेही प्रयत्न झालेत. २००६ मध्ये हृदयाच्या बायपास ऑपरेशनच्या १८०२ पेशंटवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एका गटासाठी केली नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे सारखंच. तिसऱ्या गटाला मात्र सांगून ठेवलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं! याचा अर्थ प्रार्थना घातक असते असा कुणी लावू नये. तो फरक योगायोगाचाही असेल. मला मात्र त्यात ओळखीचं काहीतरी दिसतं. "एवढे लोक माझ्यासाठी मागणं मागतायत, आता मला बरं व्हायलाच हवं" हे ओझं मी वॉर्डात पाहिलंय. श्रद्धा परीक्षेसारखी झाली की तिचा आधार वाटेनासा होतो.

"सकारात्मक राहा" या सल्ल्याचंही तसंच आहे. तो देणाऱ्यांची कमतरता तुम्हाला नक्कीच नसेल. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या असं त्यात दिसलं आणि जगभर आशा पसरली. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. आयुष्य वाढलं नाही. पण त्या स्त्रियांच्या वेदना कमी झाल्या आणि मन हलकं झालं, विशेषतः ज्या सुरुवातीला फार खचलेल्या होत्या त्यांचं. मला हा दुसरा निकाल अजिबात निराशाजनक वाटत नाही. एक म्हणजे तुम्ही एखाद्या रात्री रडलात, देवावर चिडलात, तर त्याने गाठ परत येणार नाही. आणि दुसरं, दुखणं कमी होणं, झोप लागणं, बाराव्या केमोपर्यंत टिकून राहणं ही काही छोटी कमाई नाही. श्रद्धेकडून मागायचं तर हे मागा. ते ती देते, हे मी पाहिलंय.

देवाशी असलेलं नातं आजारात दोन तऱ्हांनी वागतं. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्य घालवलं. "तो माझ्यासोबत आहे, आम्ही दोघं मिळून यातून जाऊ" असं मानणारे पेशंट तुलनेने शांत राहतात. "त्याने मला टाकलं, ही मला शिक्षा आहे" असं मानणारे आतून झिजतात. रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्कर पेशंटवर दोन वर्षं लक्ष ठेवून पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलं की देवाने आपल्याला टाकलंय असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. ते सगळे कॅन्सरचे नव्हते, आणि भावनेमुळेच मृत्यू आला असं यावरून सिद्ध होत नाही. तरी शिक्षेची भावना मनात असेल तर ती मनात ठेवू नका, बोला. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समुपदेशक असतात. तुमचा विश्वास असलेली धर्म जाणणारी शहाणी व्यक्तीही चालेल. फक्त "तुझं पाप" या शब्दांनी सुरुवात करणारी व्यक्ती निवडू नका.

इथे माझी एक चूक सांगतो. नवीन डॉक्टर असताना एका पेशंटने मला सांगितलं की त्यांचा बराच वेळ प्रार्थनेत जातो. मी हसलो. कुत्सितपणे नाही, पण हसलो. त्यानंतर ते मला फक्त "बरं आहे" एवढंच सांगायचे. दोन महिन्यांनी लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, केमो थांबवावी लागली आणि मग कळलं की कुणीतरी दिलेली पूड ते रोज घेत होते. मला सांगितलं नाही, कारण मी पुन्हा हसेन असं त्यांना वाटलं. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारतो: तुमचा कशावर विश्वास आहे, तो आयुष्यात किती महत्त्वाचा आहे, त्यात तुमच्यासोबत कोण आहे, आणि उपचार करताना मी त्याची काय दखल घ्यावी? हे प्रश्न माझे नाहीत. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ च्या सुमारास हे चार मुद्दे बांधून दिले. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नसतील तर तुम्हीच चार ओळी लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

आता ताटाकडे वळतो, आणि इथे मी कडक बोलणार आहे. चार केमोंच्या काळात ५८ चे ५३ किलो म्हणजे साडेआठ टक्क्यांहून जास्त घट. सहा महिन्यांत पाच टक्के वजन न ठरवता उतरलं तरी आम्ही सावध होतो. ही घट चरबीची असेल असं समजू नका. प्रथिनं न मिळाल्यावर शरीर स्नायू मोडून खातं, आणि स्नायू कमी झालेल्या पेशंटला तीच केमो जास्त बाधते. केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, त्यामुळे इतकी घट झाली की डोसचा पुन्हा विचार करावा लागतो. त्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वेळेत वर आल्या नाहीत तर पुढची तारीख लांबते. ज्या उपचाराने आजार परत येण्याची शक्यता कमी होणार, तोच उपचार अशाने लंगडा पडतो.

"साखर कॅन्सरला खायला घालते" हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असणारच. त्याचं मूळ खरं आहे. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं वापरतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. तुम्ही साखरेचा कण न खाल्लात तरी लिव्हर प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं आणि रक्तातली पातळी राखतं, कारण मेंदूला ते लागतं. गाठ उपाशी राहत नाही, तुमच्या मांडीचे स्नायू राहतात. गोड कमी खाणं चांगलंच आहे, मधुमेह असेल तर आवश्यकच. पण धान्य आणि दूध एकदम बंद करायला यात काही आधार नाही. फक्त भाज्या आणि फळं वाढवून काय होतं हेही पाहिलेलं आहे. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ३०८८ स्त्रियांपैकी निम्म्यांना भरपूर भाज्या, फळं, तंतुमय पदार्थ आणि कमी चरबीचा आहार दिला. सात वर्षांनी आजार परत येण्यात दोन गटांत फरक नव्हता.

तर मग काय खायचं? सध्या दिवसाला तुमच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे सुमारे ६५ ते ८० ग्रॅम. भाज्यांच्या रसातून ती मिळत नाहीत. डाळी, दूध, दही, अंडी, मासे, जे तुमच्या श्रद्धेत आणि पोटात बसतं ते घ्या, थोडं थोडं करून पाच-सहा वेळा. दूध प्यायल्यावर जुलाब होत असतील तर ते तात्पुरतं थांबवा. या केमोत तसं होऊ शकतं आणि बहुतेकदा पुढे बरं होतं. रस आवडत असेल तर एखादा पेला, जेवणाखेरीज वेगळा, भाज्या नीट धुऊन, ताजा. जेवणाच्या जागी रस नको. आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या, आणि ऑपरेशननंतर आतड्याला कोणता चोथा झेपतो हेही त्यांनाच विचारा.

निर्जळी उपवास आजपासून बंद. इथे मी तडजोड करणार नाही. तुमच्या वेळापत्रकावरून तुम्हाला ऑक्झालिप्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल ही औषधं चालू असणार. फाईलवर नावं बघून घ्या. फ्लुरोयुरॅसिलने जुलाब होतात आणि तोंडात फोड येतात. त्यात पाणी बंद ठेवलं तर किडनीवर ताण येतो आणि बीपी पडून माणूस घेरी येऊन कोसळतो. बहुतेक सगळ्या धर्मपरंपरांनी आजारी माणसाला उपवासातून सूट दिलेली आहे, काहींनी तर स्पष्ट शब्दांत. म्हणजे तुम्ही जो नियम पाळताय त्याच्याही पुढे जाऊन स्वतःला राबवताय. संयम हवाच असेल तर अन्नाखेरीज सोडण्यासारखं पुष्कळ आहे. एका पेशंटबाईंनी आठवड्यातले दोन दिवस फोनवर आजाराबद्दल बोलायचं नाही असा नियम केला. त्यांच्या मते उपवासापेक्षा तो कठीण होता.

गार पाण्याची अंघोळही सोडा. ऑक्झालिप्लॅटिनमुळे थंडीची मज्जातंतूंना विचित्र बाधा होते. बोटांना मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा वाटणं. हे केमोनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त असतं. अंघोळीला आणि प्यायला कोमट पाणी घ्या, फ्रिजमधली वस्तू काढताना हातमोजे घाला. डोस साठत जातो तसा हातापायांचा बधिरपणा टिकू लागतो, आणि मग प्रार्थनेतल्या साध्या गोष्टी जपून कराव्या लागतात. दिवा किंवा मेणबत्ती लावताना बोटाला चटका बसला तरी कळत नाही. मांडी घालून किंवा गुडघे टेकून तासभर बसल्यावर उठताना पाय जमिनीवर आहे की नाही याचा अंदाज येत नाही आणि माणूस पडतो. खुर्चीवर बसून प्रार्थना करा. शर्टाचं बटण लावता येईनासं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो. सहन करत राहिल्याचं इथे कुणी बक्षीस देत नाही, उलट बधिरपणा कायमचा राहू शकतो.

एवढं सगळं सोडायला सांगितल्यावर धरायचं काय, असं तुम्ही म्हणाल. चालणं धरा. नुसतं मन रमवायला म्हणून हे सांगत नाही. तुमच्याच आजारावर, तुमच्याच स्टेजच्या आणि दुसऱ्या स्टेजमधल्या जास्त धोक्याच्या ८८९ पेशंटवर एक मोठा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये त्याचे निकाल आले. केमो संपल्यावर निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली आणि निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम करायला लावला. त्यातल्या बऱ्याच जणांचा व्यायाम म्हणजे झपाझप चालणं, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास. पाच वर्षांनी आजार परत न आलेले आणि जिवंत असलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, पुस्तिकेच्या गटात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. एखाद्या औषधाने हे केलं असतं तर त्याची किंमत ऐकून तुम्हाला घाम फुटला असता. (व्यायामाच्या गटात स्नायू आणि सांध्यांची दुखणी थोडी जास्त झाली, तेही सांगायला हवं.) केमो चालू असताना एवढं जमणार नाही, जमवूही नका. ज्या दिवशी अंगात त्राण असेल त्या दिवशी दहा-दहा मिनिटं दोनदा. थकवा आला म्हणून पडून राहिल्याने थकवा वाढतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. तुमची पहाटेची वेळ तुम्ही आधीच राखून ठेवलेली आहे. अर्धा तास बसून प्रार्थना, अर्धा तास चालता चालता प्रार्थना. माझ्या कितीतरी पेशंटना हे जमलंय.

तंबाखू, दारू असेल तर बंद. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त "आता सोडून काय उपयोग" हे म्हणणं चूक आहे. निदानानंतर सोडल्यानेही फायदा होतो.

गोळ्यांबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ताकदीच्या गोळ्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच व्हिटॅमिनच्या गोळ्यांत फॉलिक ॲसिड असतं. तुमच्या केमोत फ्लुरोयुरॅसिलचा जोर वाढवण्यासाठी त्याच जातीचं औषध मोजून दिलेलं असतं. वरून गोळ्यांतून आणखी गेलं तर जुलाब आणि तोंडातले फोड वाढू शकतात. कोणत्याही वनस्पतीचा अर्क, पूड, काढा, कुणी श्रद्धेने दिलेलं काहीही असो, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दाखवा.

गर्दीच्या सामूहिक प्रार्थना सध्या टाळा, निदान पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत. काऊंट कधी खाली जातात ते तुमच्या वॉर्डातल्या नर्सला पक्कं माहीत असतं. थर्मामीटर घरात हवा. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटला पोचला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात जायचं. तापाची गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, प्रार्थना पूर्ण होण्याचीही वाट बघायची नाही.

राहता राहिला तुमचा मुलगा. तो घाबरलाय, आणि घाबरलेली माणसं असंच बोलतात. त्याला हे उत्तर वाचायला द्या. प्रार्थनेवरून वाद घालण्याऐवजी त्याने आईच्या ताटातली प्रथिनं मोजावीत आणि पहाटे तुमच्याबरोबर चालायला यावं. त्याच्यासाठीही एक काम आहे. आईला हा आजार झाला म्हणजे त्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षीच कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यायला हवी. तुमच्या गाठीच्या तपासणीत आनुवंशिक दोषाची शंका आली असेल तर त्याहीपेक्षा बरीच लवकर. गाठीच्या नमुन्यावर ती तपासणी झालीय का, हे पाचव्या केमोला जाल तेव्हा विचारून घ्या.